दप्तर

आईच्या वर्षश्राद्धाला पंधरा दिवस उरले होते आणि भिंतीवर लावावा असा तिचा एकही फोटो घरात सापडत नव्हता. तिला फोटो काढून घेणे आवडत नसे. कोणी मोबाइल पुढे केला की ती पदर तोंडाशी धरी, किंवा "आधी चहा घे" असे म्हणून आत निघून जाई. म्हणून एका रात्री जेवणे झाल्यावर मी मोबाइलमधले जुने फोटो एकेक करून मागे सरकवत बसलो. संक्रांत गेली, गणपती गेले, मुलीचा वाढदिवस गेला, आणि मागल्या उन्हाळ्यातल्या एका दुपारपाशी बोट थांबले. त्या फोटोत खाली वाहनतळावर एक राखाडी स्कूटर उभी होती. तिच्या मागच्या पाटीवरचा क्रमांक सहज वाचता येत होता, आणि फोटोच्या अगदी डाव्या कडेला, धूसर, गॅलरीच्या कठड्यावर टेकलेले आईचे कोपर होते. मनगटाकडे घसरलेली बांगडी आणि कोपराजवळची सैल पडलेली कातडी एवढेच काय ते दिसत होते. आई मध्ये येत होती म्हणून मी तिला "जरा सरक ना" असे म्हणालो होतो, हेही पाठोपाठ आठवले.

ती सरकली होती.

स्कूटरची हकीकत मोठी नाही, आणि मोठी नाही हेच सांगताना संकोच वाटतो. पुण्यात आम्ही राहतो त्या इमारतीत आमच्या गाडीसाठी नेमून दिलेल्या जागेत वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आपली स्कूटर आडवी लावत असत. दोनदा मी त्यांना नीट सांगितले. तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा पहारेकऱ्यासमोर आणि खेळणाऱ्या दोन-तीन मुलांसमोर ते म्हणाले, "जागा काय तुमच्या आजोबांची आहे?" मुले हसली. ते हसणे माझ्या अंगाला चिकटून राहिले. त्या दिवसापासून मी फोटो काढू लागलो. तारीख आणि वेळ उमटेल अशी सोय केली, मोबाइलमध्ये त्यासाठी वेगळा कप्पा केला आणि सोसायटीच्या सचिवांना तीन पत्रे लिहिली. रात्री अडीच वाजता जाग आली की चौथ्या पत्रातली वाक्ये मनातल्या मनात जुळवीत असे. एखादे वाक्य फार धारदार झाले की अंधारात मला हसू येई. मुलीची शिकवणी किती वाजता सुटते हे मला बायकोला विचारावे लागे, पण ती स्कूटर फाटकातून कधी आत येते हे स्वयंपाकघरात बसून केवळ आवाजावरून सांगता येत होते.

त्या दुपारी सरकून उभी राहिल्यावर आई काही वेळ माझ्याकडे पाहत होती. मग तिने विचारले, "दप्तर बांधायला घेतलंस वाटतं?" मी चिडलो. काहीतरी तुटक बोललो असेन. ती आत गेली आणि तो विषय तिने पुन्हा काढला नाही, कारण एक गोष्ट दोनदा सांगण्याची तिला सवय नव्हती. आमच्या घरात 'दप्तर' या शब्दाला जो अर्थ होता तो बाहेरच्या माणसाला कळणे कठीण आहे. मला तो पुरता ठाऊक होता, चिडलो तो त्यामुळेच.

माझे आजोळ नीरेच्या कालव्यावरच्या एका बागायती गावात. आईच्या वडिलांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू. त्यांच्या माजघरात कोनाड्याखाली पत्र्याची एक पेटी होती आणि त्या पेटीत खारव्याच्या लाल कापडात बांधलेले, कोर्टातल्या एका दाव्याचे दप्तर होते. सुटीत आम्ही मुले गेलो की पेटीवर चढून खिडकीतून बाहेर पाहायची मनाई असे. बाकी घरात कशालाही मनाई नव्हती. दाव्याचे मूळ होते 1969 सालच्या नांगरटीत. अण्णांचे सख्खे चुलतभाऊ, ज्यांना गाव आबा म्हणे, त्यांचे रान अण्णांच्या रानाला लागून होते. मधला बांध आबांनी कोरला. ज्यांचे गावाकडे रान आहे त्यांना बांध कोरणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. एका वर्षात काही दिसत नाही. दरसाल नांगराचा फाळ चार बोटे आत जातो आणि एके दिवशी लक्षात येते की बांधावरची बोर आता शेजाऱ्याच्या रानात उभी आहे. मोजणीअंती निघाले ते असे : दहा साखळ्या लांब आणि तीन फूट रुंद. साखळी 33 फुटांची, म्हणजे 330 फुटांची पट्टी. तिचे क्षेत्र 990 चौरस फूट. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा असतो. तेव्हा ही अख्खी पट्टी मिळून एक गुंठाही भरत नव्हती. तीन फुटांत उसाची एक सरी बसते. एकरी चाळीस टन ऊस निघतो असे धरले तरी गुंठ्याला टन पडतो. म्हणजे वर्षाकाठी टनभरही नसलेल्या उसासाठी हे प्रकरण तालुक्याच्या कोर्टात गेले, तिथून अपिलात गेले, मग दरखास्तीत, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीत, गेले आणि 1996 साली मिटले.

हा हिशेब मी अण्णांच्या हयातीत कधी त्यांच्यापुढे मांडला नाही. मांडला असता तर त्यांनी मला पेटीवर चढू देण्यासारखेच ते झाले असते. त्यांचे म्हणणे ठरलेले होते की प्रश्न उसाचा नाही. आणि तो नव्हताच. गावाच्या पारावर आबा म्हणाले होते, "त्याच्यानं काय होतंय?" हे वाक्य अण्णांना कोणीतरी येऊन सांगितले. सांगणारा सांगून मोकळा झाला, पण पुढची 27 वर्षे अण्णा त्या वाक्याला उत्तर देत राहिले. तालुक्याला तारीख असे त्या दिवशी ते पहाटे उठून धुतलेले धोतर नेसत, काळा कोट घालत, आणि पहिल्या एसटीने जात. बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन दुपारच्या गाडीने परत येत. आजी ताट वाढून बसलेली असे. अण्णा जेवताना वकिलाने काय सांगितले ते बोलत, आणि त्या बोलण्यात आबांचे नाव न घेता ते सदैव 'प्रतिवादी' असे म्हणत. आपल्या चुलतभावाला, ज्याच्याबरोबर विहिरीत पोहायला शिकलो त्याला, प्रतिवादी म्हणायचे हे त्यांना कधी चमत्कारिक वाटले नसेल का, असा विचार आता माझ्या मनात येतो. त्या वेळी हा प्रतिवादी आम्हाला त्यांचा दुसरा कोणी नातेवाईकच वाटे.

दावा सुरू झाला तेव्हा आई अकरा वर्षांची होती आणि तिचे अक्षर गावात सर्वांत चांगले होते. दुर्दैव म्हणावे तर ते तिचे हे अक्षर. कैफियतीची नक्कल, मोजणीच्या अर्जाची नक्कल, साक्षीदारांच्या जबाबांची टिपणे अशी कामे रात्री कंदिलाशी बसून ती करू लागली. अण्णा सांगत आणि ती लिही. सातवी झाल्यावर पुढच्या शाळेसाठी रोज तालुक्याला जावे लागले असते. अण्णांचे एसटीचे भाडे, वकिलाची फी आणि मुद्रांक यांतून मुलीच्या पासाला पैसे उरत नव्हते, आणि घरी लिहिणारे कोणीतरी हवेही होते. शाळेचे दप्तर सुटले आणि हे दुसरे हाती आले. 1972 च्या दुष्काळात बैलांना घालायला कडबा राहिला नाही म्हणून बैलजोडी विकावी लागली. गावातले बरेच लोक तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि सुकडी खात होते. बैलांचे जे थोडेफार पैसे आले त्यांतून आजीला वाटले की धान्य भरता येईल. त्याच महिन्यात साक्षीपुरावा होता. आई हे सांगताना आवाज चढवीत नसे. ती फक्त "खिल्लारी जोडी होती" एवढे म्हणे, आणि त्या बैलांची नावे सांगे.

अण्णांची बाजू खरी होती, आणि खरी अडचण तीच होती. ती खोटी असती तर त्यांना कधीतरी लाज वाटली असती, कंटाळा आला असता, एखाद्या दिवाळीला त्यांनी फराळाचे ताट पलीकडे पाठवले असते. खोट्या माणसाला माघार घेण्याची वाट मोकळी असते. खऱ्या माणसाला ती सापडत नाही, कारण दर वेळी मागे पाहिले की त्याला आपले खरेपणच वाट अडवून उभे दिसते. मी सूड घेत नाही, मी न्याय मागतो आहे, असे त्याला मनापासून वाटत असते, आणि कोर्टाच्या कागदांत तर तसे लिहिलेलेही असते. पण न्याय हवा असलेल्या माणसाला निकाल लागल्यावर घरी जायचे असते. अण्णांना घरी जायचे नव्हते. दरम्यान आबांनी तडजोड म्हणून पट्टीच्या बदल्यात विहिरीच्या बाजूचा तेवढाच तुकडा देऊ केला होता, तोही अधिक ओलाव्याचा. अण्णांनी तो निरोप घेऊन आलेल्या माणसाला पाणीसुद्धा विचारले नाही. दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपले नाक कापून घेणाऱ्याची म्हण आपण हसत सांगतो. नाक कापताना त्या माणसाला अजिबात दुखत नसावे, हे त्या म्हणीत आलेले नाही. आबांनी तीन फूट जमीन घेतली होती. बाकीचे घर अण्णांनी स्वतः होऊन त्यांना देऊन टाकले.

1988 च्या मे महिन्यात आबा गेले तेव्हा मी आजोळीच होतो, नऊ वर्षांचा. भाऊबंदकीतली एक गंमत अशी की ज्याच्याशी वीस वर्षे तोंड पाहणे नाही, त्याच्याही मृत्यूचे सुतक पाळावे लागते. घरातले देव दहा दिवस पूजेवाचून राहिले. अण्णा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते आणि दोन दिवस त्यांनी धड अन्न घेतले नाही. त्यांना दुःख झाले होते की आणखी काही, हे मला कळण्याचे वय नव्हते. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आजीला म्हणाले, "आता तारखेला समोर कोण उभं राहणार?" हे शब्द मी स्वतः ऐकले आहेत. पुढच्या तारखेला वकिलांनी मुदत मागितली ती पक्षकाराच्या घरी भाऊबंदाचे सुतक आहे या कारणाने. तो भाऊबंद म्हणजेच प्रतिवादी होता हे कागदात ओघाने आलेच. नंतर आबांचे वारस रेकॉर्डवर आणले गेले आणि दावा पुढे चालू राहिला. त्या वारसांतला धाकटा माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठा होता. भांडण कशावरून सुरू झाले हे त्याला कोर्टातच समजले असणार.

अण्णा जिंकले. कोर्टाचे कमिशनर आले, मोजणी झाली, खुणांचे दगड रोवले गेले आणि नवा बांध पडला. गावात त्यांनी पेढे वाटले नाहीत, कारण ते वाटायचे कोणापुढे हा प्रश्न होता. काही दिवस ते रोज सकाळी बांधावर जाऊन उभे राहत. मग तेही थांबले. त्यानंतरच्या दोन वर्षांत ते अधूनमधून पहाटे उठत, धुतलेले धोतर नेसत, कोट घालत आणि पहिल्या एसटीने तालुक्याला जात. कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर बसून दुपारच्या गाडीने परत येत. मामा सांगतो की एकदा तो त्यांना शोधायला गेला, तर ते दुसऱ्याच कोणाच्या तरी खटल्याचे पुकारे ऐकत बसले होते. 1998 साली ते गेले. आता ते रान मामाने वाट्याने आबांच्या नातवाला दिले आहे. तो ट्रॅक्टरने दोन्ही रानांची एकच नांगरट करतो. मध्ये वळण घ्यायला अडचण होते म्हणून त्याने बांध मामाच्या संमतीने काढून टाकला आहे, आणि दोघांपैकी कोणालाही त्यात काही वाटले नाही.

2023 साली सरकारने 'सलोखा' नावाची योजना काढली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात बारा वर्षांहून अधिक काळ असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार रुपये आणि नोंदणी फी एक हजार रुपये, अशी तिची रचना. मी ती बातमी आईला वाचून दाखवली. आमच्या प्रकरणाला ती लागू पडली नसती, कारण ताबा एकाच बाजूने गेला होता. पण आईने मला दोनदा आकडा विचारला. "हजार आणि हजार?" एवढे म्हणून ती शेंगा सोलत राहिली.

सापाला आपण फार बदनाम केले आहे. सर्पमित्र आणि अभ्यासक सांगून थकले की सापाला चेहरे लक्षात ठेवून माग काढण्याजोगी स्मृती नसते, तरी मराठीत डूख धरतो तो सापच. खरे पाहता इतकी वर्षे एक चेहरा जपून ठेवण्याची शक्ती सापात नाही, माणसात आहे, आणि ती जपणूक आपल्याला गोडही लागते. झुरिक इथल्या संशोधकांनी 2004 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. आपल्याला फसवणाऱ्याला दंड करताना माणसाच्या मेंदूतले सुखाशी निगडित केंद्र उजळते, आणि काही जण त्यासाठी पदरचे पैसेही मोडतात, असे त्यात दिसले. मला हे वाचून आश्चर्य वाटले नाही. रात्री अडीच वाजता अंधारात येणारे ते हसू मला माहीत होते. आश्चर्य वाटले ते केव्हिन कार्लस्मिथ, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांच्या 2008 सालच्या अभ्यासाचे. खेळात दगा देणाऱ्याला शिक्षा करण्याची संधी ज्यांना मिळाली त्यांना नंतर, संधीच न मिळालेल्यांपेक्षा, अधिक वाईट वाटत राहिले, कारण ते त्या माणसाचाच विचार करत बसले. ज्यांच्या हाती काही नव्हते ते दुसऱ्या विषयाकडे वळले होते. एसटीने तालुक्याला जाणारा काळा कोट मला त्या निष्कर्षात स्पष्ट दिसला.

आमच्या वाढदिवसाला आई पाटावर बसवून तेल लावी. आधी पाटाशेजारी फरशीवर तेलाची सात बोटे टेकवी आणि सात चिरंजीवांची नावे घेई. पहिले नाव अश्वत्थाम्याचे. थोडा मोठा झाल्यावर मी तिला विचारले की झोपलेल्या मुलांना मारणाऱ्याला पहिले बोट कशासाठी. ती म्हणाली, "त्याचं कपाळ अजून दुखतं ना." कपाळावरच्या जखमेला लावायला तो दारोदार तेल मागत फिरतो, ही समजूत आपल्याकडे अजून आहे, आणि नर्मदेच्या परिक्रमेला जाऊन आलेल्या माणसांकडून शूलपाणीच्या झाडीत कोणीतरी उंच माणूस भेटल्याच्या गोष्टी ऐकू येतात. महाभारतातल्या सौप्तिक पर्वात मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो त्या रात्रीचा वडाखालचा प्रसंग. कृप आणि कृतवर्मा थकून झोपले आहेत, अश्वत्थामा जागा आहे, आणि वर फांदीवर एक घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारताना तो पाहतो. बेत तिथे ठरतो. मामा कृप त्याला परोपरीने सांगतात की आजची रात्र झोप, सकाळी धृतराष्ट्राला, गांधारीला, विदुराला विचारू. तो म्हणतो, चिडलेल्या माणसाला झोप कुठली? त्याच्याही वडिलांना कपटाने मारले होते; त्याचीही बाजू, मुळात, खरी होती. कृष्णाचा शाप तीन हजार वर्षांचा आहे. व्यासांनी मुदत घातली होती, ती लोकांनी काढून टाकली आणि त्याला कायमचा फिरत ठेवला. महाभारतात द्रौपदी त्याच्या कपाळीच्या मण्यावर शांत होते. भागवतात ती आणखी पुढे जाते. पाच मुलगे गेलेले असताना त्याला सोडा म्हणते, कारण मी रडते तशी त्याची आई रडू नये. मला हे अजून जमेल असे वाटत नाही. पण ज्या वाक्यात शत्रूच्या आईचा विचार येतो त्या वाक्यापाशी मी थांबतो.

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अजून स्कूटर आडवी लावतात. रोज नाही, पण लावतात. त्यांना मी क्षमा वगैरे केलेली नाही. समोर आले की मान दुसरीकडे वळते आणि घशाशी काहीतरी येते. मोबाइलमधला कप्पा मात्र त्या रात्री उघडला. त्यात 61 फोटो होते. वर्षभरात आईचे काढलेले फोटो मोजले तर ते चार निघाले, आणि त्यांतल्या तिन्हीत पदर तोंडाशी होता. चौथा हा. साठ फोटो पुसायला मिनिटही लागले नाही. हा एक राहिला.

दुसऱ्या दिवशी तो घेऊन मी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो. तिथल्या मुलाने तो संगणकावर उघडला आणि सवयीने आधी पाटीचा क्रमांक मोठा केला. मी त्याला स्कूटर काढून फक्त हात ठेवता येईल का असे विचारले. त्याने डावीकडचा भाग वेगळा कापला, मोठा केला, आणखी मोठा केला, आणि पडदा माझ्याकडे वळवला. बांगडीच्या जागी पिवळट चौकोन दिसत होते.

"फोकस गाडीवर आहे, काका," तो म्हणाला. "हात मोठा केला की फुटतोय."

मी खिशातून आईचे बँकेचे पासबुक काढून दिले. त्यावरच्या फोटोत, दोन्ही कान दिसले पाहिजेत असे कोणीतरी बजावले असावे, म्हणून तिने पदर मागे सारला आहे.